सातचा पाय

कंपनीचं नाव सांगत नाही.
नाव उच्चारलं की सीताबर्डीत भाव चढतो,
आणि मला अजून मागचं झाकण उघडायचंय.

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं,
वाळ्याचा वास तेवढा शिल्लक.
हेडाऊबाईंनी रुमालाची गाठ सोडली.
"मामाजींचं आहे जी. कांद्रीला होते, मँगनीजच्या खाणीवर.
साहेबानं जाताना दिलं.
मुंबईचा एक जण अकरा लाख देतो म्हणते,
फक्त तुमच्या हातचं लिहून पाहिजे त्याला, ओरिजिनल आहे म्हणून."

गोल नाही, चौकोनीही नाही,
काजूसारखं, एका खांद्यानं उतरतं.
असलं मी पन्नास वर्षांत दोनदा पाहिलं.
त्यातलं एक खोटं होतं.

डोळ्याला भिंग लावलं.
केसच्या कडा शाबूत, पॉलिशवाल्याचा हात लागलेला नाही,
म्हणजे घरात कोणीतरी आळशी होतं. देव त्याचं भलं करो.
शिक्के तीन, तिन्ही जागेवर.
स्क्रूच्या खाचांत जुना मळ.
मशीनवरचा नंबर आणि झाकणातला नंबर
एका पंगतीला बसलेले सख्खे भाऊ.
माझा श्वास जरा लांबला.

मग डायल.
पिवळी पडलेली, पण सगळीकडे सारखी पिवळी.
वय असं सारखं येत नाही,
माझ्या हातांकडे पाहा.
काट्यांवरचं रेडियम करपून तपकिरी,
आकड्यांवरचं फिकट.
एका दिवशी जन्मलेले बरोबरच म्हातारे व्हायला हवेत.

आणि सात.
टोकाला गाठ, मोहरीच्या टरफलाएवढी.
ही गाठ विणकराची.

इतवारीतल्या एका माडीवर तुळशीराम पराते
आधी लुगड्यांचे काठ विणायचे.
माग बंद पडला तेव्हा डायली रंगवू लागले,
खारीच्या शेपटीतल्या एका केसानं.
श्वास सोडायच्या आधी आकडा पुरा करायचे.
त्यांचा सात ताठ असायचा, हवालदारासारखा.

या सातचा पाय सरकलाय,
भिंतीला टेकून बिडी ओढणाऱ्या माणसासारखा.

मी तेरा वर्षांचा होतो. दिवा धरायचो.
झोप यायची.

"काहून जी, गप्प झाले?"

फॉर्म पुढे ओढला.
केस : अस्सल. मशीन : अस्सल.
डायल : पेन थांबलं.
एक शब्द, आणि बाईंच्या रुमालातून सात-आठ लाख गळून जाणार.
दुसरा शब्द, आणि कोणालाच कळणार नाही;
मुंबईच्या माणसाला सातचा पाय काय माहीत.

लिहिलं : पुन्हा रंगवलेली. इतवारी, नागपूर.
हात, तु. पराते यांचा.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.
"हे पराते कोण?" एवढंच म्हणाल्या,
आणि गाठ पहिल्यापेक्षा घट्ट मारली.

दिवा कोणी धरला होता
ते लिहायला रकाना नव्हता.