अर्धा किलो मालदांडी

पहिल्या खेपेला लाह्या झाल्या.
आच मोठी राहिली, माझं ध्यान नव्हतं,
तव्यावरच्या पुरचुंडीत तडतड तडतड,
आणि लिंबाजी भिंतीकडं तोंड करून पडल्या पडल्या हसला,
म्हणला, मान राहू दे आता,
तिखट-मीठ लाव, खाऊन टाकू.

दुसऱ्या खेपेला करडई घातली.
उशीला तेलाचा डाग, तो काही निघाला नाही.
जैतुनबी म्हणली, खडेमीठ भर.
मीठ चार दिवसांत सादळलं.

आज परत मशीनवर बसले, रात्री साडेनऊला.
सेलूचा मोंढा कधीच बंद झाला,
पौषाचं वारं दाराच्या फटीतून पायावर येतंय,
पायडल गार.
मांजरपाट वीतभर रुंद, दीड हात लांब,
मानेवरून दोन्ही खांद्यांवर उतरेल एवढा.
टेप लागला नाही.
गल्लीतल्या बायांचे खांदे मोजते मी,
सव्वाचौदा, पावणेपंधरा, वहीत लिहिते.
ह्याचा खांदा वहीत नाही.
उजवा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली,
तीस वर्षं पोतं त्याच बाजूला टेकत आलं.
सदरा बेतताना ती दोन बोटं
मी गुपचूप कापडात मिळवते,
चारचौघांत सरळ दिसतो.

ज्वारी मोंढ्यातलीच.
सांजच्याला काटा उचलला की
खाली सांडलेलं झाडून न्यायला कुणी आडवत नाही.
माती, खडे, सुतळीचे तुकडे, उंदराच्या लेंड्या.
दोन दुपारी सूप घेऊन पाखडत बसले
तेव्हा अर्धा किलो निघाली.
कुणाच्या रानातली, सांगता यायचं नाही,
जिंतूरकडची असेल, पाथरीची असेल,
पण मोंढ्यात आली म्हणजे
ह्याच्या मानेवरून गेली असेल, एवढं धरून चालते.

डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला होता,
म्हणला, मणक्यातली गादी झिजली.
लिंबाजी बाहेर येऊन मला विचारतो,
गादी तर आडत्याची असती,
मपल्याकडं कधी होती?

तीन बाजूंनी टीप, वर परत उलटी टीप,
मग एक वाफा भरायचा, आडवी टीप,
मग पुढला वाफा.
चार वाफे पाडले,
नाहीतर दाणे सगळे एका टोकाला पळतात.
गच्च भरायचं नसतं, हे तिसऱ्या खेपेला कळलं.
गच्च भरलं की धोंडा होतो.
थोडी जागा सोडली तर दाणे सरकत सरकत
अंगाच्या खळग्यात जाऊन बसतात.
चिमूटभर ओवा टाकला वासाला.
शेवटची बाजू हातानं शिवली,
मशीनच्या आवाजानं तो कूस बदलत होता.

तवा मंद.
पालथ्या हातानं बघितलं, उलथली, परत बघितलं.
हुरड्याचा नाही, भाकरीचाही नाही,
दोन्हींच्या मधला काहीतरी वास घरभर.

ठेवली मानेवर.
खांद्यानं आधी ओझंच ओळखलं.
मान ताठ झाली, श्वास धरला,
अंथरुणात टाचा रोवल्या.
"किती किलो?"
अर्धा, म्हणलं.
"एवढ्याला हमाली काय देती?"
मग बोलला नाही.
टाचा सुटायला बराच वेळ लागला,
आधी डावी.

ती दोन बोटं काही वर आली नाहीत.
उद्या गुरुवार, गाड्या लागतील,
पिशवी खुंटीला टांगावी लागेल,
दाण्याचा वास उंदराला आधी लागतो.

मधल्या रात्री उठून दुसऱ्यांदा शेकवली, ठेवली.
तो झोपेत होता.
झोपेतच म्हणला, हां, बसलं. पुढचं आण.
मी दिवा लावला नाही.
कानाशी वाकून म्हणलं,
झाली गाडी खाली.