दुजोरा

फोन साडेचारला आला, चहावाला टेबलं फिरत होता तेव्हा.
हिंजवडीची कुठलीशी पडताळणी कंपनी. मुलीचा आवाज
नवा, पाठ केलेला. "ढेंबरे नंदकिशोर,
आपल्याकडे होते ना मॅडम?"

होते. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा.
एवढंच सांगायचं, असं परिपत्रक आहे,
माझ्याच सहीचं, नोटीस बोर्डावर
बोनसच्या यादीखाली.

म्हणून नाही सांगितलं
की भोसरीच्या या शेडमध्ये तीन नंबरच्या प्रेसचा गार्ड
सहा महिने काढून ठेवला होता, आणि त्याने
एकदा नाही, चारदा लिहून दिलं.
चौथा कागद मीच फाइलला लावला.
पाचवा त्याने इन्स्पेक्टरला दिला.
मग "वर्तणूक" या रकान्यात
काय लिहायचं ते साहेबांनी तोंडी सांगितलं.
अक्षर माझं आहे.

परवा नाशिक फाट्यावर दिसला,
हेल्मेटात मेथीची जुडी. म्हणाला,
एका ठिकाणी बोलणं चाललंय, नाव तुमचं दिलंय.

"परत घ्याल का त्यांना?"
शेवटचा प्रश्न. हो किंवा नाही.
बाहेर प्रेस पडत होती, धप्प, धप्प.
गार्ड आहे आता तिला, पिवळा.

"मॅडम, आहात ना लाईनवर?"
आहे, म्हटलं.
"मग 'माहिती देण्यास नकार' लिहू?"

चहावर साय धरली होती.
लिही, म्हणणार होते. तोंडातून निघालं,
"तुझं नाव काय गं?"

ती गप्प झाली. तिच्याकडेही
तसलंच परिपत्रक असणार.