शेवटचं अक्षर

लिएपायात वारा जन्माला येतो म्हणतात.
माझ्या खिडकीत तर तो मुक्कामालाच असतो,
आणि त्याच्याबरोबर येतात पत्रं.

काम तसं एवढुसं:
नावांची यादी लावायची, ज्या त्या भाषेच्या वळणानं.
अकरा वर्षांपूर्वी मुलगा कांजिण्यांनी फणफणलेला असताना
दोन रात्रींत लिहिलं आणि देऊन टाकलं.
कुणीही घ्या.
घेतलं.
बँकांनी घेतलं, विमानतळांनी घेतलं,
कुठल्याशा देशाच्या मतदार यादीनं घेतलं.
मला कुणी सांगितलं नाही.
सांगतात ते फक्त बिघडल्यावर.

“एस्टोनियात झेड एसच्या लगेच मागे बसतो, एवढंही ठाऊक नाही?”
ठाऊक आहे, उर्मास. रविवारी करते.
“रविवारी? आमचे चाळीस हजार ग्राहक खोळंबलेत!”
ओहायोचा एक जण विचारतो,
अक्षरांवरची ही माश्यांची घाण एकदाची पुसून का टाकत नाही?
आणि एक जण काहीच लिहीत नाही.
दर तीन तासांनी नुसती दोन प्रश्नचिन्हं,
दारावर काठी आपटावी तशी.

दान मिळालेल्या गाईचे दात लोक मोजतात, हे ऐकून होते.
इथं गाय माझ्याच गोठ्यात,
शेण मीच काढायचं,
आणि दूध पातळ म्हणून ओरडा मलाच.

पूर्वी मी माफी मागायचे.
मग कारणं द्यायला लागले:
दिवसा मासळीच्या कारखान्यात हिशेब, संध्याकाळी आईचे पाय चोळणं.
पण कारण दिलं की लोक त्यावर चर्चा करतात.
आता दोनच शब्द लिहिते, रविवारी पाहते.
त्या दोन शब्दांपर्यंत यायला सहा वर्षं लागली.

मंगळवारी रक्त तपासायला गेले.
अठ्ठावीस माणसं, ओल्या कोटांचा वास,
खिडकीतून अस्त्रा यादी वाचत होती.
आबोल्टिन्या. त्सीरुले. मग चिव्ले,
बरोबर जिथं यायला हवी तिथंच.
मला हसू फुटलं. हे वळण माझं होतं,
त्या च साठी एक अख्खी पहाट घातली होती मी.

दहा वाजले. अकरा. पोटात पाण्याचा थेंब नाही.
साकने गेली, श्मिते गेली, झ्विर्बुले खोकत गेली,
आणि मी झागाता,
आद्याक्षराच्या डोक्यावर उलटं छप्पर,
सगळ्यांच्या शेवटी. अगदी अचूक.

उठले, खिडकीशी गेले.
“साडेसातपासून बसलेय मी!
कुणी केलंय हे? काही अक्कल असते की नाही माणसाला?”

अस्त्रानं चष्म्यावरून पाहिलं.
“बाई, ते मशीन लावतं. तक्रार असेल तर लिहून पाठवा.”
कुणाला?
“असेल कुणीतरी.”

परत येऊन बसले.
बाहेर ट्राम वळणावर किरकिरली.
फोन थरथरला: ??
या वेळी मी लगेच लिहिलं,
रविवारी पाहते.
तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का?

उत्तर आलं नाही.
तीन तासांनी, सवयीनं,
एकच प्रश्नचिन्ह.