पुन्हा नऊशे

मेंढेकर गार्ड अजनीहून ऑटोत घेऊन आले,
मांडीवर, दुपट्ट्यात गुंडाळून.
"बाई, याची डावी बाजू मेली. पाहा ना, जमते का."
सतरा किलो वजन. त्यांचे गुडघे थरथरत होते
आणि मला हात लावू देत नव्हते.

कामठीच्या छावणीतला कुणी कॅप्टन
बदली होऊन जाताना विकून गेला, एकाहत्तर साली.
तेव्हापासून घरात दुसरं काही नवं आलं नाही, म्हणाले,
एक फ्रिज सोडला तर.

संत्र्याची पेटी पालथी घातली,
तिच्यावर अँप्लिफायर पालथा.
वाल्व एकेक काढून टॉवेलवर निजवले.
बंद यंत्रातही वीज दबा धरून असते,
म्हणून डावा हात पाठीमागे.
मीटर टेस्टिंगला बत्तीस वर्षं पोरांना हेच सांगितलं:
दोन्ही हात आत घातले की मध्ये काळीज येतं.

डावा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळलेला.
करपलेल्या लाखेचा वास अजून धरून होता.
नवा मिळत नाही.
मिळाला तरी तो याचा नसतो.
उलगडायला बसले.

बाहेर शेहेचाळीस. कूलर बंद,
त्याच्या वाऱ्याने केसाएवढी तार उडते.
नाकाच्या शेंड्यावर घाम, आणि पुसायला हात नाही.
दर शंभर वेढ्यांना एक पातळ कागद,
कागदाच्या कडेला पेन्सिलीने आकडा.
चोवीसशे. तेवीसशे.
एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा उजेडात येणारे आकडे,
नऊला तिरपी शेपटी.
हजार.
नऊशे.
त्याच्याखाली पुन्हा नऊशे.

मी चष्मा पुसला.
तोच हात, तीच शेपटी, आणि शंभर वेढे जास्तीचे.
कुणी हाक मारली असेल. चहा आला असेल.
काहीच झालं नसेल, नुसतं खिडकीबाहेर बघणं झालं असेल.
मीही एकदा दोन मीटरांना एकच रीडिंग लिहिलं.
जरीपटक्यातल्या दोन घरांनी त्या महिन्यात सारखं बिल भरलं
आणि कुणी तक्रार केली नाही.
सासूबाई मेयोत होत्या तेव्हा.

मग बॅलन्सचं बटण पाहिलं.
मधल्या खुणेपासून ज्वारीच्या दाण्याएवढं डावीकडे
पितळ उघडं पडलं होतं.
हिशेब करून पाहिला: शंभर वेढ्यांनी पडणारा फरक
माणसाच्या कानाला कळत नाही.
पण हा कान गार्डाचा. रात्री दोन वाजता, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून
पुढच्या इंजिनाचं मन ओळखणारा.

तार इतवारीतून आणली, तोलून.
दोन दिवस गुंडाळत होते.
नऊशेवर थांबले, पाणी प्यायले,
माठाजवळ जरा उगाच उभी राहिले.
परत येऊन पुढच्या कागदावर हजार लिहिले.
हाताला चुकीचं लिहिता येईना,
त्यात मोठेपणा काही नाही, नोकरीची खोड.
वार्निश गच्चीवर वाळवलं.
मे महिन्यात नागपुरात भट्टी लागत नाही.

गार्ड आले. तबकडी त्यांनीच आणली होती.
वाल्वचं यंत्र लगेच बोलत नाही,
आधी लालसर होतं, मग कोमट, मग गुणगुणतं.
तेवढ्या वेळात ते काही म्हणाले नाहीत, मीही नाही.
उजवीकडून आवाज लागला.
डावीकडून तानपुरा.
त्यांचं बोट न बघता बटणावर गेलं,
उघड्या पितळेपाशी नेऊन ठेवलं,
आणि भुवया आखडल्या.
"डावी जरा जास्तच बोलून राहिली, बाई."
"बटण मध्ये घ्या," मी म्हटलं, "आता बरोबर आहे."

त्यांनी मध्ये घेतलं. ऐकलं.
परत डावीकडे नेलं.
"बोलू द्या," म्हणाले. "लय दिवस दबून होती."

बाजू उलटली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं
की कूलर अजून बंदच आहे
आणि दोघांचेही कपडे पाठीला चिकटलेत.