कडेचा चेंडू

बापाचा आकडा लोखंडी, लाकडी मुठीचा,
रात्री दाराच्या खिळ्याला टांगलेला.
माझा आकडा एकवीसपर्यंत जायचा.
मग नियम बदलला, अकरावर आला,
मी चौदाची होते,
सर्व्हिसची मोडलेली लय पुन्हा बसवण्यात
अख्खं वर्ष गेलं.

कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात दोनच टेबलं.
लग्नाची तारीख असली की दुमडून भिंतीला.
दुसऱ्या दिवशी पायाखाली अक्षता,
चेंडू तांदळावर पडून भलतीकडेच उडायचा.
मे महिन्यातही पंखा बंद, वाऱ्याने चेंडू बहकतो.
घोणे सर म्हणायचे, टॉवेल सहा गुणांनंतर,
तोवर घाम तुझा तू सांभाळ.

बापाने एकदा चेंडू तळहातावर घेतला,
वरखाली केला, माल जोखतात तसा.
"काय वजन?"
पावणेतीन ग्रॅम, आबा. त्याहून थोडं कमीच.
तो हसला नाही. म्हणाला,
"उचलल्याचं दिसतच नाही की."

मी बचावाची खेळाडू.
टेबलापासून चार पावलं मागे,
खालून कापून परत. परत. परत.
समोरची स्मॅश मारायची, टाळ्या तिला.
गुण मला, ती दमल्यावर.
एका पेपरात छापलं: सणसचा कंटाळवाणा विजय.
आईने ते कात्रण लॅमिनेट करून आणलं.

राज्यात दुसरी. देशात एकोणिसावी, आठ महिने.
विमा कंपनीत खेळाडू कोट्यातली खुर्ची, वाशी शाखा,
दुपारी तीननंतर रिकामी.
एक हंगाम जर्मनीत, खालच्या लीगमध्ये, खेड्यातल्या क्लबकडून.
सामना संपला की बटाट्याचं सॅलड.
फोनवर सांगितलं, आबा, इथल्या बटाट्याला मातीच नसते.
तो म्हणाला, धुतलेला माल लवकर सडतो.

या खेळात एक रीत आहे.
चेंडू जाळीला चाटून पलीकडे पडला,
किंवा टेबलाच्या कडेला लागून खाली गेला,
तर गुण तुमचा,
पण हात वर करायचा.
आपल्या नशिबाबद्दल समोरच्याची माफी.

बाप एकदाच सामना बघायला आला, ठाण्याला.
घरी येऊन जेवताना विचारलं,
"ती पोरगी हात का वर करत होती?"
सांगितलं.
"मग गुण परत देते का?"
नाही.
"मग?"
मग काही नाही, आबा. नुसतं.
"नुसतं," तो म्हणाला
आणि बराच वेळ भात कालवत राहिला.

त्याच वर्षी कांद्याची थप्पी घसरली.
मणका, चौथा आणि पाचवा.
पैसे आले, वेळेवर आले, तक्रार नाही.
गाळ्यावरून माणूस कोणी आला नाही.
आकडा अजून खिळ्यालाच आहे.

पुढे चेंडू प्लास्टिकचा झाला.
फिरकी ओसरली, माझं कापणं चावेनासं झालं.
सत्ताविसाव्या वर्षी मी जुनी.
निरोप वगैरे नाही, एका स्पर्धेच्या यादीत
माझं नाव मीच शोधलं नाही, एवढंच.

आता नेरूळच्या हॉलमध्ये आठ टेबलं, एसी, निळं मॅट.
बाकावर आबा, कमरेला पट्टा.
वाकता येत नाही, म्हणून घरंगळत आलेले चेंडू
चपलेने अडवून ठेवतो.
कृष्णाली म्हात्रे, वय नऊ, माझ्याशी खेळते
आणि तिचा फटका कडेला लागतो.
टक्. आवाज वेगळाच असतो, ओळखू येतो.
ती मूठ आवळून ओरडते, गिरकी घेते.
चेंडू माझ्या हातात. मी सर्व्हिस करत नाही.
"काय झालं, मॅडम?"
मी बघत राहते.
तिला आठवतं. हात वर जातो, अर्धाच,
वर्गात पाणी प्यायला विचारतात तसा.
बाकावर चपलेखालून एक चेंडू सुटतो,
कुणी अडवत नाही.

पाच-सहा, मी म्हणते,
आणि तळहात उघडते.