सी-सात

खोदाईच्या तिसऱ्या दिवशी जेसीबीचा दात
हवेत गेला. खालीच गेला, पण हवेत.
मैनुद्दीन ड्रायव्हर उतरला, वाकून बघून म्हणाला,
"शेठ, इथं जमीनच नाही."

होटगी रोड, एप्रिलचा शेवट, पारा त्रेचाळीस.
नकाशावर तिथं सी-सात होता,
तीन मजल्यांचा भार, खाली साड्यांचं दुकान, वर दातांचा डॉक्टर.
जमिनीत तिथं विहीर होती,
कुणीतरी शहाबादी टाकून, माती लोटून, विसरून गेलेली.

मालक यन्नम शेठ छत्री धरून काठावर.
"बुजवा की. आठवडा कशाला घालवता?"
पुण्याचे डिझायनर फोनवर: "फोटो पाठवा."
फोटोत काय दिसणार. काळं.

मी खडा टाकला.
एक, दोन,
डुबुक.

नळाला चार दिवसांआड पाणी,
टँकरवाला मल्लिनाथ फोन उचलत नाही,
आणि माझ्या खड्ड्यात डुबुक!

रात्री सिमेंटचं पोतं उसवून त्याच्या कागदावर बसलो.
मी शिकलेला इंजिनियर नाही.
वडील मागावर होते. सांगायचे,
तुटल्या टोकाला गाठ धरत नाही रे,
थोडं मागं जा, ताठ धागा हाताला लागू दे.
मग सी-सात हलवला नाही,
त्याचे पाय तेवढे फाकवले,
एक विहिरीच्या अल्याड, एक पल्याड,
दोन्ही पक्क्या मुरमात,
मधून जाड बीम, बीमवर तो उभा.
पुण्यानं तीन दिवस विचार केला,
बीम चार इंच वाढवला, सही केली.
त्या चार इंचांत त्यांची फी.

बाटलीभर पाणी पॉलिटेक्निकच्या लॅबला दिलं. क्षार बेतात.
पाणी मिळालं, पण ऊन कुठं ऐकतंय?
सकाळी भिजवलेलं गोणपाट अकराला पापड.
तेव्हा पाणी मारणारी नागूबाई तेलुगूत पुटपुटली,
सुपरवायझरला कळलं नाही, मला कळलं:
"जावई टॉवेलच्या कारखान्यात हाय,
खराब माल किलोवर देतेत."

छोट्या हत्तीतून दीडशे किलो आले.
काठ सुटलेले, कुठल्याशा हॉटेलचं नाव उलटं विणलेले.
खांबांना गुंडाळले, सुतळीनं आवळले.
संध्याकाळी अख्खी साइट
आंघोळ करून बाहेर आल्यासारखी उभी.
लोक स्कूटर थांबवून बघायचे.

सोडले तेव्हा चार खांब गुलाबी.
रंग कच्चा निघाला.
शेठ बोटानं घासत: "हे काय?"
"प्लास्टरखाली जाईल."
"आणि वर आलं तर?"
नागूबाई तोंडाला पदर लावून हसत होती.
अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब फोडले, आकडा हवा त्याहून वर.
गुलाबीचं मात्र मी काही बोललो नाही.

आता दुकान चालतं.
शेवटचं बिल, सव्वादोन लाख, अजून निघायचंय.
दर सोमवारी जातो. "बसा," म्हणतात, "शेठ येतीलच."
गल्ल्यामागं फरशीत लोखंडी झाकण आहे,
त्यावर कुणी माल ठेवत नाही, का ते पोरांना ठाऊक नाही.
मी स्टूल तिथंच ओढतो,
चप्पल काढून पाय टेकवतो.

गार असतं.