बावीस नंबरचं दार

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, पॅटर्न शॉपच्या मागं
लोखंडी कपाटात एक सर्व्हर घुमत असतो.
वर्षभर त्याचा पासवर्ड होता गावाचं नाव.
प्रश्न एवढाच, की स्पेलिंग कुठलं:
जुन्या पाटीवरचं का नव्या पाटीवरचं.
तीनदा चुकलं की इराप्पा बडिगेरचा फोन,
"मैथिली, आत घेईना की गे ते."
आणि मी इकडं खानापुरात,
तव्यावर भाकरी, कानाखाली मोबाईल.

त्याचं दार बाविसावं.
आमच्या गाड्यांच्या पाट्यांवरही बावीसच,
म्हणून मला ते उगाच घरचं वाटायचं.
मग एकदा रात्रीचा लॉग उघडला.
दारात ही रांग!
कोण कुठले, कुणी रूट म्हणवतो, कुणी अ‍ॅडमिन,
सेकंदाला दोनदोन दार ढकलून बघतायत.
एकजण तर आमच्या गावाचंच नाव लावून आलेला,
जुन्या स्पेलिंगनं.
त्या रात्री ठरवलं.

रविवारी किल्ली पाडायला बसले.
मशीननं ठिपक्या-फुल्यांचं एक चौकोनी चित्र काढलं.
आई मागून म्हणाली, "रांगोळी कसली गे ही,
एका अंगाला कललेली?"
खूण आहे, म्हटलं. किल्लीच्या अंगठ्याचा ठसा.

इराप्पा पॅटर्न करणारा माणूस.
सागवानात त्यानं पंपाची पोटं कोरलीत, व्हॉल्व्हची तोंडं.
फोनवर त्याला सांगत होते:
दोन फायली, काका. एक द्यायची, एक ठेवायची.
दिलेली चौकात टांगली तरी चालेल.
ठेवलेली माझ्या लॅपटॉपातून हलायची नाही.
"म्हंजे पॅटर्न कपाटात, कास्टिंग गिऱ्हाइकाला."
अगदी तसंच.
"पण कास्टिंगवरनं पॅटर्न काढता येतोय की गे.
ब्याण्णव साली मी काढलाय, कोल्हापूरच्या एकाचा."
इथं नाही काढता येत.
"का?"
गणित आहे, काका. उलटं चालत नाही.
बराच वेळ नुसता ग्राइंडरचा आवाज येत राहिला.
"मग चांगलंच की ते गणित."

शेवटचा म्हणून एकदा जुना पासवर्ड टाकला,
दुसऱ्या स्पेलिंगला लागला,
आणि माझी एक लांबलचक ओळ तिकडं ठेवून आले.
तरी घेईना.
तास गेला. चहा निवला.
मग दिसलं: तिकडचा फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळा,
म्हणून सर्व्हरनं माझ्या किल्लीकडं पाहिलंही नव्हतं.
खरंच आहे त्याचं.
ज्या खोलीत कुणीही येऊन काहीही ठेवून जावं,
तिथल्या कुलपावर कोण विश्वास टाकील?
फोल्डरला सातशे, फाईलला सहाशे.
दार उघडलं. काही विचारलं नाही.

आता पासवर्डचा रस्ता बुजवायचा.
इथं माणसं फसतात, स्वतःलाच बाहेर कोंडतात,
म्हणून जुनी खिडकी मिटली नाही,
तिच्यात बसूनच नवी उघडली.
तिकडं इराप्पा कपाटाशी उभा,
करदोट्याची पितळी किल्ली हातात धरून,
न जाणो, वेळ आलीच तर.
आले आत, काका.
"आलीस? मग आता ही?"
तीही असू दे. कपाट तुमच्याकडंच.

पुढच्या आठवड्यात म्हणाला, मलाबी एक पाड.
पाडली. त्याची ओळ माझ्या ओळीखाली ठेवली.
ओळीच्या शेवटी नाव लिहायला जागा असते,
आपल्याला ओळखू यावं म्हणून, बाकी दाराला त्याचं काही नाही.
काय लिहू, काका?
"गावाचं नाव लिही."
कुठलं स्पेलिंग?
तो हसला, भुसा झटकल्यासारखा.
"कुठलंबी लिही की.
दार वाचत न्हाई म्हणालीस न्हवं?"